बद्रीची माती

बद्रीनाथ नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. बाजरीच्या काढणीत पान लागलं आणि सापाचं विष उतरवणारा माणूस येईपर्यंत सगळं संपलं होतं. चुलत्यानं, कारभारीनं, पोराला खांद्यावर घेऊन नदीकाठी नेलं. त्याच्या मुठीवर आपली मूठ धरून चितेला अग्नी देववला. जाळानं चांगला पेट घेतला आणि लाकडांतून बापाचा उजवा हात कोपरात दुमडून वर आला.

बद्री किंचाळला, "दादा जित्ता हाय! काढा त्याला भाईर, जित्ता हाय!"

जाणत्या माणसांनी सांगितलं, आगीनं शिरा आखडतात, हात उचलतो, भ्यायचं नसतं. पण त्या वयाच्या पोराला ते कोण पटवणार? पुढं कितीतरी महिने तो चुलीपुढं जेवायला बसेना. त्याची आई, मनकर्णाबाई, त्याचं ताट ओट्यावर नेऊन द्यायच्या.

नवऱ्याचं वर्षश्राद्ध उरकलं आणि मनकर्णाबाई मुलाला घेऊन औरंगाबादला आल्या. थोरली लेक आशाबाई निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली मांडीवर होती, तिचं तोवर लग्नाचं वय व्हायला आलं होतं. तिला दिराच्या घरी ठेवलं. पुढं तिचं लग्न कारभारीनंच शेजारच्या गावात, जमीनजुमला असलेल्या घरात लावून दिलं. शेतही तोच बघायचा, आणि सुगी झाली की ज्वारीची पोती न चुकता उस्मानपुऱ्यात आणून टाकायचा. मनकर्णाबाई तिथंच एका खोलीत राहून कॉलेजच्या पोरांच्या खानावळीत भाकरी थापायच्या. बद्री मॅट्रिक झाला, शहागंजात एका कापडदुकानात लागला. गिऱ्हाइकापुढं ठाण उलगडायची त्याची हातोटी अशी होती, की बायका घ्यायला आलेल्या एक आणि घेऊन जायच्या दोन लुगडी.

लहानपणी त्याचे सांधे सुजायचे, ताप यायचा. आपोआप उतरायचाही. त्याकडं कुणी फार लक्ष दिलं नाही. बाविसाव्या वर्षी दुकानाचा जिना चढताना त्याला दम लागायला लागला. मग पाय सुजले. मग आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. घाटीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मनकर्णाबाईंना बाहेर बोलावलं.

"हृदयाची झडप खराब झालीय, बाई. मुंबईला याचं ऑपरेशन होतं. पण ह्याचं हृदय फार दमलंय. ते ऑपरेशन त्याला झेपणार नाही."

"मंग काय करायचं, साहेब?"

"औषधं देतो. त्याला सांभाळा."

मनकर्णाबाईंनी वेरूळच्या घृष्णेश्वराला अभिषेक केला, खुलताबादला भद्रा मारुतीपुढं लोटांगण घातलं, तिथल्याच दर्ग्यातून अंगारा आणला. सोमवार, शनिवार, एकादशी, सगळे उपास धरले. बद्रीला मात्र कशाचाच आधार वाटत नव्हता. खाटेवर उशाला टेकून बसल्या बसल्या तो आईकडं बघत राहायचा.

"माय, मेलं की लगेच कळायचं बंद व्हतं का गं?"

"काय बोलतूस रे बाळा! तसं बोलू नाय."

"नाय, पर दादाला कळत आसंल तर? त्यानं हात उचलला व्हता. म्या बघितलं."

 मनकर्णाबाई पदरानं त्याचा घाम पुसायच्या.

सूज वाढली तसं त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथं शेजारच्या खाटेवर सांडू नावाचा एक म्हातारा होता. छावणीत गवंडीकाम करून त्याचं आयुष्य गेलेलं, फुप्फुसं चुन्या-सिमेंटानं भरलेली. तो ख्रिस्ती होता. त्याची बायको आवडाबाई रोज दुपारी डब्यातून पेज आणायची, त्याला चमच्यानं भरवायची आणि मग दोघं डोळे मिटून पुटपुटायची. म्हातारा वाचणार नाही हे त्याला स्वतःला ठाऊक होतं, आणि ते तो उद्याच्या कामासारखं सहज बोलायचा. बद्रीला त्याचं नवल वाटायचं.

एकदा त्यानं विचारलंच, "मामा, तुमाला भ्या नाय वाटत?"

"वाटतं की," सांडू म्हणाला. "न बघितलेल्या गावाला जायचं तर वाटणारच. पर तिथं आपला मानूस हाय म्हटल्यावर तेवढं नाय वाटत."

"कोन मानूस?"

"येशू. त्यो बी मेला व्हता बाबा. मरनाच्या आत जाऊन आलाय. त्याला तिथली वाट म्हाईत हाय."

दोन-चार दिवसांनी एका सकाळी म्हाताऱ्यानं आवडाबाईचा हात हातात घेतला, काहीतरी बोलला, आणि जीव सोडला. आरडाओरडा नाही, तडफड नाही. आवडाबाई रडली, पण रडता रडता तिनं त्याचे डोळे मिटले, पांघरूण सारखं केलं. बद्री हे सगळं बघत होता. मनकर्णाबाईंना वाटलं, पोरगं भिऊन अर्धं होईल. पण उलट त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

"माय, त्याला जाळनार नायत," तो म्हणाला. "ठिवनार हायत. झोपवल्यासारखं."

घरी आल्यावर त्यानं आवडाबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या, खालीच बसल्या. मनकर्णाबाईंनी त्यांना पाणी दिलं, आणि त्या गेल्यावर तो पेला चुलीतली राख लावून दोनदा घासला. गावकुसाबाहेरच्या माणसाला घरातलं भांडं द्यायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. बद्रीनं ते बघितलं. त्या दिवसापासून तो स्वतः त्याच पेल्यातून पाणी प्यायला लागला. आवडाबाई येत राहिल्या, छावणीतल्या चर्चचे पाळकसाहेबही यायला लागले. महिन्या-दोन महिन्यांत मनकर्णाबाई पेला घासायच्या थांबल्या.

आणि एक दिवस बद्री म्हणाला, "माय, मी बाप्तिस्मा घेनार हाय."

मनकर्णाबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"माझ्या देवांनी तुला काय कमी केलं रे?"

"कायच नाय. पर मला भ्या वाटतं तवा त्यांच्यातलं कोनी जवळ येत नाय. ह्यो येतो. मी खोटं बोलत नाय, माय. छातीत कळ आली की मी त्याचं नाव घेतो. कळ ऱ्हाती, पर भ्या जातं."

पोरगं किती दिवसांचा सोबती हे त्यांना ठाऊक होतं. त्याला ज्यानं धीर येतो ते हिसकावून घ्यायला त्यांचं मन धजेना. रविवारी त्यांनी त्याला टांग्यात घालून छावणीत नेलं. आत मात्र गेल्या नाहीत. बाहेर लिंबाखाली बसून राहिल्या. पाळकसाहेब नंतर बाहेर येऊन म्हणाले, "नाव बद्रीनाथच ठेवलंय, बाई. तुम्ही ठेवलेलं आहे, ते बदलायचं कारण नाही." बद्रीच्या केसांतून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. मनकर्णाबाईंनी पदरानं त्याचं डोकं खसाखसा पुसलं. त्यात राग किती होता आणि माया किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बातमी गावी पोचायला वेळ लागला नाही. कारभारी पहिल्या एसटीनं आला. दारातच उभा राहिला.

"वयनी, ऐकतोय ते खरं हाय?"

"खरं हाय, भावजी."

"आन् तू होऊ दिलंस? पाटलाच्या घरातलं पोर कुनाच्या पंगतीला जाऊन बसलं, कळतं का तुला?" तो बद्रीकडं वळला. "आरं, तुला खांद्यावर घेऊन वाढवला म्या. तुझ्या बापाला आग द्यायला तुझा हात धरला. उद्या तू गेलास तर मी कुठं उभा ऱ्हाऊ? त्यांच्या मसनवट्यात?" बोलता बोलता तो उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

"काका," बद्री हळूच म्हणाला, "तुमी मला वाढवलं ते इसरलो नाय. पर मला जाळू नका."

कारभारी उठला. चहा न घेता निघून गेला. तो गेल्यावर बद्रीनं आईचा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवला. "काका आयकनार नाय. तू शप्पथ घे. मला गावाकडं नेऊ द्यायचं नाय, जाळू द्यायचं नाय."

"घेतली," मनकर्णाबाई म्हणाल्या.

नवरात्र बसायच्या आधी, दुपारच्या वेळी, बद्री गेला. सकाळपासून त्याचे ओठ निळे पडले होते. आवडाबाई आल्या होत्या, पायथ्याशी बसून हळू आवाजात प्रार्थना म्हणत होत्या. मनकर्णाबाईंना वाटलं होतं, सांडूमामासारखाच तो शांत जाईल. इतके महिने त्यानं भीतीचं नाव काढलं नव्हतं. पण अखेरच्या घटकेला श्वास मिळेना तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं आईचं मनगट असं आवळलं, की नखं रुतली.

"माय... माय, भ्या वाटतंय."

आवडाबाई मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागल्या. त्याला त्या ऐकू येत नव्हत्या. तो फक्त आईच्या तोंडाकडं बघत होता.

"माय, कोन नाय... कोन दिसत नाय."

मनकर्णाबाईंच्या ओठांवर विठ्ठल आला, घृष्णेश्वर आला, मारुती आला. त्या सगळ्यांना त्यांनी गिळून टाकलं. ज्या नावानं त्यांचं पोर त्यांच्यापासून दूर नेलं, जे त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं, तेच त्यांनी त्याच्या कानाशी वाकून घेतलं.

"येशू हाय, बाळा. येशू हाय. हा बघ, आलाय. मला दिसतोय. जा तू."

त्यांना काही दिसत नव्हतं. पण बद्रीला त्यांचा शब्द कधी खोटा वाटला नव्हता. त्याची पकड ढिली झाली. डोळे तसेच आईकडं राहिले.

निरोप मिळताच, संध्याकाळच्या आत कारभारी चार माणसं आणि एक जीप घेऊन आला. पाळकसाहेब आणि छावणीतली मंडळी अंगणात शवपेटी घेऊन थांबलेली. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडं न बघता उभे होते. कारभारी घराकडं निघाला तशा मनकर्णाबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या.

"वयनी, बाजूला हो. माझ्या भावाचा वंश हाय त्यो. त्याला त्याच्या बापाजवळ नेतो."

"त्याला नेनार नाय, भावजी. म्या त्याच्या डोक्यावर हात ठिवलाय."

"त्यो गेला आता. त्याला काय कळतंय?"

"कळत आसंल तर?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

कारभारी दोन पावलं मागं सरला. मग म्हणाला, "आजपासून आमच्या घराला वयनी नाय." जीप निघून गेली. आशाबाई जीपमध्येच बसून होती. सासऱ्यानं तिला खाली उतरायचं नाही असं बजावलेलं. भावाचं तोंड न बघता ती तशीच परत गेली.

बद्रीला छावणीच्या कब्रस्तानात ठेवलं. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मनकर्णाबाईंनी टाकली नाही. आपल्या हातानं लेकराच्या तोंडावर माती टाकणं त्यांना जमलं नाही.

मग त्यांना वेगळीच भीती लागली. आतापर्यंत मरणाचं त्यांना काही वाटत नव्हतं. नवरा गेला त्या दिवसापासून त्या तयारच होत्या. पण आता भाकरी थापता थापता मनात यायचं, आपण मेलो तर आपल्याला जाळतील, गंगेत सोडतील, आणि बद्री इथं. त्याची वाट वेगळी, आपली वेगळी. तो तिकडं आपल्याला शोधत बसला तर? त्यांच्या हातातली भाकरी करपायची आणि पोरं ओरडायची, "मावशी, वास येतोय!"

शेवटी त्या पाळकसाहेबांकडं गेल्या.

"मला बी पानी द्या, साहेब."

"विश्वास आहे का, मनकर्णाबाई?"

"ते मला कळत नाय. पोरगं गेलंय तिथं मला जायचं."

पाळकसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. "येत जा," ते म्हणाले. "ऐकत जा. घाई करू नका."

त्या दर रविवारी जायला लागल्या. शेवटच्या बाकावर आवडाबाईंशेजारी बसायच्या. एका रविवारी पाळकसाहेबांनी एका विधवेची गोष्ट सांगितली. तिचा एकुलता एक मुलगा मेला होता, लोक तिरडी घेऊन चालले होते, आणि प्रभूनं वाटेत तिरडी थांबवून त्याला उठवलं. मनकर्णाबाई सगळे बाहेर पडेपर्यंत बसून राहिल्या. मग पुढं जाऊन त्यांनी विचारलं, "साहेब, माझ्या दारात का नाय थांबला?"

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांनी स्वतःची एक लेक तापानं गमावली होती. "मीही तेच विचारतो, बाई," ते म्हणाले.

त्या उत्तरानं का कोण जाणे, मनकर्णाबाई त्या दिवशी हलक्या होऊन घरी आल्या. ज्याला हे विचारता येतं, ज्याच्यापुढं रडता येतं, असा तो आहे असं त्यांना वाटायला लागलं. बद्रीसाठी म्हणून त्या जायला लागल्या होत्या. हळूहळू स्वतःसाठी जाऊ लागल्या. भाकरी थापताना चर्चमधल्या गाण्याच्या ओळी गुणगुणायला लागल्या. पाळकसाहेबांनी त्यांच्या बाप्तिस्म्याला ईस्टरचा दिवस धरला. आवडाबाईंनी बारीक काठाचं पांढरं लुगडं आणून दिलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी दारात आशाबाई उभी. कुशीत दोन-तीन महिन्यांचं बाळ. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन पाळणा हलला होता, आणि बाळंतपणाला आईला कुणी बोलावलं नव्हतं. मनकर्णाबाईंना नातू झाल्याचं परक्यांकडून कळलं होतं. त्यांनी बाळ घेतलं, हुंगलं, त्याच्या टाळूवर गाल टेकवला.

"माय," आशाबाई उभ्यानंच म्हणाली, "उद्या तू पानी घेतलंस तर मला हे दार बंद. सासऱ्यानं काकांसमोर सांगितलंय."

"आन् नाय घेतलं तर?"

"तर येत जाईन. सणासुदीला ह्याला घिऊन येत जाईन. काका बी नरम पडलेत."

"बद्री तिकडं एकटा हाय, आशे."

आशाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आन् मी? ल्हान व्हते तवा मला काकाकडं टाकून त्याला घिऊन आलीस. आता त्यो गेलाय तरी त्याच्यामागंच चाललीस. मी जित्ती हाय माय. मला बी एकदा घे की."

मनकर्णाबाई बाळाला घेऊन खाली बसल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी बोललं नव्हतं, आणि ते खरं होतं. बाळ रडायला लागलं. त्यांनी त्याला मांडीवर घेऊन हलवलं, लेकीला हाताला धरून जवळ ओढलं. ती लहानपणी झोपायची तशी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून पडली आणि खूप वेळ रडली.

संध्याकाळी लेकीला एसटीत बसवून मनकर्णाबाई छावणीत गेल्या. पांढरं लुगडं घडी घालून बरोबर नेलं होतं.

"आवडाबाई, साहेबांना सांगा. उद्या मी येत नाय."

सगळं ऐकून आवडाबाई म्हणाल्या, "लेकीचं खरं हाय. जावा तुमी. लुगडं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

"मग मी मेल्यावर बद्री मला भेटंल का?"

प्रत्येकाला धीर देणाऱ्या त्या बाईनं लुगड्याची घडी परत त्यांच्या हातात ठेवली. "मला नाय सांगता येत," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?" आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

आशाबाई शब्दाला जागली. आखाजीच्या सणाला आली, नागपंचमीला आली. चर्चला जाणं मनकर्णाबाईंनी सोडलं. कब्रस्तानात जाणं सोडलं नाही. मसणवट्यात जायला कुणाचा धर्म आड येत नाही, असं त्यांनी लेकीच्या सासूला तोंडावर सांगितलं.

पुढच्या सुगीला कारभारी ज्वारी घेऊन आला. केस पांढरे झाले होते. पोतं टाकलं, पाणी प्याला, आणि खाली बघत विचारलं, "कुठं ठिवलाय त्याला?"

त्या त्याला घेऊन गेल्या. कारभारीनं चपला फाटकापाशी काढल्या. मातीच्या उंचवट्याजवळ आला आणि तिथंच घुटमळला. नमस्कार करावा की काय करावं, त्याला उमगेना.

"हितं काय करायचं आसतं, वयनी?"

"कायच नाय. बसायचं."

तो बसला. उंचवट्यावरचं वाळलं गवत उपटत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "लई लांब ठिवलास गं त्याला." मग हातातलं गवत टाकून, "तुझं कुठं करायचं?"

मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"मला काय ठाव, भावजी. तुमी न्याल तिकडं मी जाईन. त्यो मला वळखंल का नाय, तेवढंच बघायचं ऱ्हायलं."

कारभारीनं मान खाली घातली. शेवटची एसटी गाठायची होती, पण दोघांतलं कुणीच उठलं नाही.